दंडावर पॅच आहे, हे डॉक्टरांना आधी सांगा

साताऱ्यात सदर बाजारात माझं मेडिकल आहे. गर्भनिरोधक पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी, मी ठेवत नाही, आपल्याकडच्या दुकानांत तो सहसा मिळतही नाही. त्याच्याबद्दलचे प्रश्न मात्र काउंटरवर येतात. परदेशी दिलेल्या मुली सणाला, भावाच्या लग्नाला माहेरी येतात. बरोबर तिकडच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली खोकी असतात आणि आतलं माहितीपत्रक तिकडेच कचऱ्यात गेलेलं असतं. मग दुकानात गर्दी नाही असं बघून विचारतात, "काकू, घामानं कड सुटतीय, वरनं चिकटपट्टी लावू का?"

लावू नकोस. कारण पुढे सांगते. त्याआधी मी उलट विचारते, सध्या औषधं काय चालू आहेत? उत्तर ठरलेलं असतं, "काही नाही." दंडावर पॅच आणि औषध काही नाही! गिळायचं नसतं, सुई टोचत नाही, त्यामुळं ते औषध आहे हेच ध्यानात राहत नाही. हेच उत्तर उद्या ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना दिलं किंवा पोटरी सुजल्यावर डॉक्टरांना दिलं, तर पंचाईत होते. म्हणून हे लिहायला घेतलं.

पॅचमध्ये दोन हार्मोन असतात, एक इस्ट्रोजेन आणि एक प्रोजेस्टिन. गर्भनिरोधक गोळीत असतात तसेच. ते गोंदाच्या थरातच मिसळलेले असतात आणि कातडीतून हळूहळू रक्तात उतरतात. अमेरिकेत हा पॅच २००१ साली ऑर्थो एव्हरा या नावानं मंजूर झाला. आता तिकडून येणाऱ्या मुलींकडं झुलेन किंवा ट्विर्ला असतो, युरोपातून येणाऱ्यांकडं एव्हरा. आठवड्याला एक असे तीन आठवडे तीन पॅच, चौथा आठवडा रिकामा. त्या रिकाम्या आठवड्यात पाळी येते. नेमानं वापरला तर शंभरात नव्याण्णवांहून जास्त बायकांना वर्षभरात दिवस जात नाहीत. रोजच्या धबडग्यात, विसरत-आठवत वापरला तर शंभरात सातेक जणींना जातात.

पोटातून जात नाही म्हणून तो गोळीपेक्षा सौम्य, असा एक समज आहे. तसं नाही. ३५ मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेनच्या गोळीशी तुलना केली, तेव्हा एव्हरासारख्या पॅचमधून शरीराला एकूण इस्ट्रोजेन सुमारे ६० टक्के जास्त मिळतं असं दिसलं आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ साली तसा इशारा पॅचच्या माहितीत घालायला लावला. गोळीचं हार्मोन घेतल्यावर चढतं आणि उतरतं, पॅचचं दिवसरात्र एका पातळीवर राहतं, म्हणून बेरीज मोठी होते. फायदा इतकाच, की उलट्या-जुलाब झाले तरी पॅचचं काम चालू राहतं.

आधी रक्तदाब, मग बाकीचं

लावण्याआधी रक्तदाब मोजून घ्या. उपकेंद्रात फुकट मोजतात, माझ्याकडेही मोजते. वरचा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे जात असेल, तर इस्ट्रोजेनची कुठलीच पद्धत स्वतःच्या मनानं सुरू करायची नाही. वरचा १६० किंवा खालचा १०० च्या पुढं असेल, तर विषयच संपला.

इस्ट्रोजेननं रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो. म्हणून पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात पूर्वी कधी गुठळी झाली असेल, हृदयविकार किंवा अर्धांगाचा झटका येऊन गेला असेल, स्तनाचा कर्करोग झाला असेल, यकृताचा मोठा आजार असेल, तर पॅच नको. आईला किंवा सख्ख्या बहिणीला कमी वयात गुठळी झाली असेल तर तेही सांगा. घरी विचारून घ्यावं लागतं, कारण आपल्याकडं 'आईचा पाय सुजला होता आणि मिरजेला नेलं होतं' एवढंच सगळ्यांना माहीत असतं, त्याला काय म्हणतात ते कुणी विचारलेलं नसतं.

अर्धशिशीचं नीट ऐका. नुसतं डोकं दुखणं वेगळं. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढं चमकत्या नागमोडी रेघा येत असतील, नजरेचा एखादा भाग जात असेल, हाताला किंवा ओठाला मुंग्या येत असतील, तर ती आधी खूण देणारी अर्धशिशी. अशा बाईला इस्ट्रोजेननं पक्षाघाताचा धोका वाढतो, त्यामुळं तिच्यासाठी पॅच बाद. पित्त म्हणून वर्षानुवर्षं अंगावर काढणाऱ्या बायका मला माहीत आहेत. त्यांनी आधी डॉक्टरांना डोळ्यांपुढचं ते सगळं वर्णन करून सांगावं.

तंबाखूचं आपल्याकडं वेगळंच त्रांगडं आहे. अमेरिकेतल्या पॅचच्या माहितीपत्रकात चौकट करून छापलेलं असतं की ३५ वर्षांपुढच्या आणि सिगारेट ओढणाऱ्या बाईनं हा वापरू नये. डॉक्टर विचारतात, सिगारेट ओढता का? आमच्या भागातली बाई छातीवर हात ठेवून नाही म्हणते, आणि सकाळ-संध्याकाळ मिशरी लावते. छापलेला इशारा सिगारेटचा आहे हे खरं, पण मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटिन हिरडीतून रक्तात जातं, नाडी आणि रक्तदाब वाढवतं. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगायचं. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर त्यांना बाहेर पाठवून सांगा, म्हणजे त्यांचीही मिशरी उघडी पडणार नाही.

वजनाचा मुद्दा बायकांना आवडत नाही, तरी सांगते. झुलेन आणि ट्विर्ला हे दोन्ही, उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, म्हणजे बीएमआय, ३० किंवा त्याहून जास्त असेल तर वापरायचे नाहीत. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईला हा आकडा साधारण ७४ किलोला गाठतो. एव्हराचा परिणाम ९० किलोच्या पुढं कमी पडू शकतो.

बाळंतिणीनं घाई करू नये. बाळंतपणानंतरचे पहिले आठवडे गुठळीच्या दृष्टीनं मुळातच सगळ्यात धोक्याचे असतात. अंगावर पाजत असाल तर पहिले सहा आठवडे अजिबात नको, आणि सहा महिने होईपर्यंत शक्यतो दुसरा पर्याय बघा.

फौजीच्या सुट्टीपुरता पॅच नको

हे खास आमच्या जिल्ह्यासाठी. आपशिंगे मिलिटरी गावाचं नावच सांगतं, इथं घराघरांत फौजी आहेत. बाकीच्या तालुक्यांतही कमी नाहीत. नवरा सुट्टीवर येणार म्हटलं की बायका गोळ्यांचं पाकीट न्यायला येतात, तो परत गेला की बंद. पुढच्या सुट्टीला पुन्हा सुरू. परदेशातल्या नणंदेनं पॅच दिला असेल तर तोही असाच वापरतात. "उगं कशाला रोज औषध, काकू? माणूस घरात नाही." वरवर शहाणपणाचं वाटतं.

पण गुठळीचा धोका सगळ्यात जास्त असतो तो सुरुवातीच्या काळात, विशेषतः पहिल्या वर्षात. आणि चार आठवडे किंवा त्याहून जास्त खंड पाडून पुन्हा सुरू केलं, की शरीर पुन्हा त्या सुरुवातीच्या काळात जातं. म्हणजे वर्षातून दोन-तीनदा चालू-बंद करणारी बाई दर वेळी जोखमीच्या टप्प्यात नव्यानं पाय ठेवते. सलग वापरणारीला तो टप्पा एकदाच ओलांडावा लागतो.

धोका किती, हेही सांगते, म्हणजे उगाच भीती बसायला नको. हार्मोन न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या दहा हजार बायकांत वर्षाला १ ते ५ जणींना गुठळी होते. इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेणाऱ्यांत ३ ते ९ जणींना. पॅचचं इस्ट्रोजेन जास्त, म्हणून त्याचा धोका गोळीहून थोडा जास्त असू शकतो. गरोदरपणात हाच आकडा ५ ते २० असतो, बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत ४० ते ६५. म्हणजे तब्येतीनं ठणठणीत बाईनं घाबरून पॅच फाडून टाकायचं कारण नाही. फुकटची जोखीम मात्र घेऊ नका.

सुट्टीपुरतं हवं असेल तर निरोध सगळ्यात सरळ. तो वापरायला नवरे नाखूश असतात हे मला ठाऊक आहे, पण महिनाभराच्या सुट्टीसाठी बायकोनं हार्मोन घ्यायचे आणि त्यानं निरोधही वापरायचा नाही, हा कुठला हिशेब? शिवाय लैंगिक आजारांपासून वाचवतो तो निरोधच, पॅच नाही. दीर्घकाळासाठी तांबी चांगली, सुट्टी असो नसो ती आपलं काम करते. ७२ तासांची गोळी दर सुट्टीला नेणाऱ्यांना मी पाकीट देते आणि दोन शब्द सुनावतेही. ती अडीनडीची आहे.

लावायचा कसा

कुल्ल्यावर, पोटावर, दंडाच्या बाहेरच्या बाजूला (ट्विर्ला असेल तर दंड नको) किंवा पाठीच्या वरच्या भागात. स्तनावर कधीच नाही. पोटावर लावताना परकराची नाडी जिथं बसते ती जागा सोडा. दिवसभर नाडी घासून कड उचकटते आणि दोष पॅचला जातो. दंडावर लावणार असाल तर ब्लाउजची बाही कुठं आवळते ते बघा. साडी नेसणारीला मी कुल्ल्याची जागा सुचवते, जीन्सवालीला दंड.

कातडी स्वच्छ आणि पूर्ण कोरडी हवी. अंघोळीनंतर लगेच नको, पंख्याखाली जरा थांबा. त्या जागी तेल, पावडर, क्रीम काही नको. आपल्याकडं अंगाला खोबरेल लावायची सवय असते, ते पॅच निसटायचं पहिलं कारण. पाकीट हातानं फाडा, कात्रीनं पॅचच कापला जातो, आणि कापलेला पॅच वापरायचा नाही. पारदर्शक कागद अर्धा सोला, चिकट बाजूला बोट न लावता पॅच टेकवा, मग उरलेला अर्धा ओढून काढा आणि तळहातानं दहा सेकंद घट्ट दाबा. कडांवरून बोट फिरवून बघा, आणि नंतर रोज अंघोळीच्या वेळी एकदा बघा. अंघोळ, पोहणं, घाम चालतो. पुढचा पॅच दुसऱ्या जागी.

पाळीच्या पहिल्या दिवशी पहिला पॅच लावला तर लगेच संरक्षण मिळतं. इतर दिवशी सुरू केला तर सात दिवस निरोधही वापरा. बदलायचा वार एकच ठेवा आणि कालनिर्णयवर खूण करा. ज्यांचा गुरुवारचा उपास असतो त्यांनी गुरुवार धरावा, विसरायला होत नाही.

आता चिकटपट्टीचं. औषध गोंदात आहे. गोंद कातडीला नीट टेकला नाही तर औषध उतरत नाही, वरून पट्टी लावून पॅच जागेवर दिसेल पण आतून काम अर्धवट. सुटलेला पॅच अजून चांगला चिकटत असेल तर तिथंच दाबून बसवा. धूळ-धागे लागून त्याचा गोंद गेला असेल तर नवीन लावा. सुटून २४ तासांच्या आत हे केलं तर काळजी नाही, बदलायचा वार तोच राहतो. २४ तास उलटून गेले असतील किंवा कधी सुटला हेच माहीत नसेल, तर नवीन पॅच लावून तो पहिला आठवडा धरा, आणि सात दिवस निरोध.

रिकाम्या आठवड्यानंतरचा पहिला पॅच उशिरा लावणं सगळ्यात वाईट. आठवलं की लावा, सात दिवस निरोध, आणि तोच नवा वार. मधल्या दोन पॅचना ४८ तासांपर्यंत उशीर झाला तर नुसता बदला, बाकी काही नको. त्याहून जास्त झाला तर नवीन पॅच लावून तो पहिला आठवडा धरायचा, आणि सात दिवस निरोध. तिसरा पॅच काढायला विसरलात तर आठवेल तेव्हा काढा, पण पुढचा ठरल्या वारीच लावा.

काय सोसायचं, काय नाही

पहिले दोन-तीन महिने स्तन दुखरे होणं, मळमळ, डोकं जड होणं, अधूनमधून डाग जाणं हे होतं. बहुतेकींचं आपोआप थांबतं. डाग गेला म्हणून मधेच पॅच काढून टाकू नका. लावलेल्या जागी खाज आणि लाली येते, जागा बदलत राहिलं की कमी होते. फोड आले, पुरळ पसरलं तर काढा आणि दाखवा. काहींच्या चेहऱ्यावर वांग उठतात किंवा गरोदरपणातले जुने गडद होतात. उन्हात काम असेल तर पदर किंवा ओढणी कपाळापर्यंत घ्या, कारण पॅच थांबवला तरी वांग लवकर जात नाहीत. मन उदास राहत असेल, कारण नसताना रडू येत असेल तर 'स्वभावच झालाय तिचा' असं घरच्यांचं ऐकून गप्प बसू नका, डॉक्टरांना सांगा.

सगळे पॅच वेळेवर लावूनही एखाद्या महिन्यात पाळी आली नाही तर घाबरू नका. लागोपाठ दोनदा चुकली, किंवा मधे कुठं गडबड झाली होती, तर चाचणी करा.

आता थांबायचं नाही अशा गोष्टी. एकाच पोटरीत दुखणं, सूज, ती जागा गरम लागणं. अचानक दम लागणं, छातीत कळ, खोकल्यातून रक्त. आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं दुखणं. बोलताना जीभ जड होणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, एका डोळ्यानं दिसेनासं होणं. पोटात असह्य दुखणं, डोळे पिवळे होणं. यातलं काहीही झालं तर पॅच काढा आणि निघा. दम, छाती, जीभ, हातपाय यांचं असेल तर १०८ ला फोन करा, पाहुण्याची गाडी शोधत बसू नका.

पोटरीबद्दल दोन शब्द जास्त. आपल्याकडं पाय दुखला की लचक समजून तेल कोमट करून चोळायचं, ही पहिली प्रतिक्रिया. एरवी ठीक. पण पॅच लावलेल्या बाईची एकच पोटरी दुसरीपेक्षा सुजलेली दिसत असेल तर चोळायचं नाही. आत गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. दोन्ही पोटऱ्या एकाच उंचीवर शिवणाच्या टेपनं मोजा, फरक दिसला की सरळ दवाखाना, आणि दारातच सांगा, "मी हार्मोनचा पॅच लावते."

पाय प्लॅस्टरमध्ये गेला तर हाडाच्या डॉक्टरांना हेच सांगायचं. झोपून राहावं लागणारं मोठं ऑपरेशन ठरलं असेल तर पॅच साधारण चार आठवडे आधी थांबवतात, म्हणून तारीख घेतानाच सांगा, आदल्या रात्री नाही. माहेरहून परत जातानाच्या लांबच्या विमानप्रवासात मधेमधे उठून चाला, पाणी प्या.

टीबीच्या गोळ्या चालू असतील तर पॅचवर विसंबू नका. रिफाम्पिसिन हार्मोनचा निचरा इतक्या झपाट्यानं करतं की संरक्षण उरत नाही, आणि गोळ्या संपल्यावरही चार आठवडे हा परिणाम टिकतो. फिट्सवरच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन यांचंही तसंच. लॅमोट्रिजिनचं उलटं, तिथं पॅचमुळं गोळीचाच जोर कमी होतो आणि फिट येऊ शकते. घसादुखीला दिलेल्या अमॉक्सिसिलिननं काही बिघडत नाही, त्याची भीती उगाच पसरलेली आहे.

गौरी-गणपतीच्या आधी पाळी पुढं ढकलायच्या गोळ्यांची रांग लागते. ती गोळी नॉरएथिस्टेरॉनची. देवाला चालत नाही की घरच्यांना, तो वाद मी दुकानात घालत नाही. पण पॅच चालू असताना ती वरून घेऊ नका. तिचाही थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. पॅचवालीला त्या गोळीची गरजही नसते, रिकामा आठवडा गाळून सलग पुढचा पॅच लावता येतो का, एवढं ज्यांनी तो लिहून दिला त्या डॉक्टरांना मेसेज करून विचारा.

खोकं थंड कपाटात ठेवा, फ्रिजमध्ये नको, उन्हात उभ्या गाडीत तर नकोच. वापरलेल्या पॅचमध्येही हार्मोन उरलेला असतो, म्हणून चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि पोरांच्या हाती लागणार नाही असा कचऱ्यात टाका, संडासात नाही. कातडीवर उरलेलं काळं कडं खोबरेल लावून पुसलं की निघतं. खोबरेलाची वेळ ही, लावण्याआधीची नव्हे.

मुक्काम लांबला आणि पॅच संपले, तर ज्या दिवशी पुढचा पॅच लावायचा होता त्याच दिवशी गोळी सुरू करा, मधे खंड नको. माला-एन सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडं मिळते, तिच्यात २१ गोळ्या हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या असतात. इस्ट्रोजेन चालत नाही अशी बाई तीही घेऊ शकत नाही. तिच्यासाठी तांबी आहे, छाया गोळी आहे जिच्यात हार्मोन नसतो, तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शनही आहे. यातलं कुठलं, ते डॉक्टरांनी रक्तदाब आणि जुने आजार बघून ठरवायचं. जाताना पॅचचं रिकामं पाकीट पिशवीत टाकून न्या, नाव तोंडपाठ नसतं.